कडी लागल्याचा आवाज

त्या पुलाला दोन केबिनी होत्या, एक नदीच्या ह्या काठाला आणि एक त्या काठाला. दोन्हींमध्ये मिळून फोनवर चार शब्द बोलले जात. "तयार?" "उचलतोय." "बसली." "लागली." अकरा वर्षं एवढंच. फोन चांगला धडधाकट होता, बिघाड माणसांत होता.

ह्या काठावरच्या चालकाला सगळे अलीकडचा म्हणत आणि त्या काठावरच्यांना पलीकडचे. एकाला एकेरी आणि दुसऱ्यांना मान, असं का, हे कुणी ठरवलेलं नव्हतं. पलीकडचे पाच वर्षांनी मोठे होते हे खरं, पण अलीकडचा गेली अकरा वर्षं मुख्य चालक होता आणि पलीकडचे त्याच्या हाताखाली. लोकांना खुर्ची दिसते आणि माणूसही दिसतो, आणि कधी कधी ते माणसाकडे बघून बोलतात. अलीकडच्याला हे टोचायचं. पण टोचण्याचं खरं कारण वेगळं होतं, आणि ते त्याच्याशिवाय एकाच माणसाला ठाऊक होतं. तो माणूस समोरच्या केबिनीत बसायचा. तो अलीकडच्याच्या थोरल्या बहिणीचा नवरा होता, त्याचे दाजी.

पुलाचं काम लांबून बघणाऱ्याला जादूचं वाटतं. रस्ता मधोमध दुभंगतो, दोन्ही झडपा आभाळाकडे उठतात, खालून मालवाहू बार्ज निघून जाते. नव्या माणसाला वाटतं, केवढी मोटर असेल! मोटर काही फार मोठी नाही. एखाद्या पिठाच्या गिरणीला पुरेल, एवढीच. प्रत्येक झडपेच्या मागच्या टोकाला, रस्त्याखालच्या खड्ड्यात, काँक्रीटचा अजस्र ठोकळा आहे. झडप वर जाते तेव्हा तो खाली जातो. दोघांचं वजन तोलून ठेवलेलं असतं, मोटरनं फक्त ढकलायचं. म्हणून उचलणं सोपं. अवघड आहे ते पुन्हा टेकवणं. दोन्ही झडपांची टोकं नदीच्या मधोमध बोटभर फटीनं समोरासमोर येतात, आणि मग अलीकडच्या झडपेतून मनगटाएवढा... नाही, मांडीएवढा जाड लोखंडी दांडा सरकून पलीकडच्या झडपेच्या खाचेत जातो. त्याला सगळे कडी म्हणतात. कडी लागली की दोन्ही झडपा एक होतात. नाही लागली तर ट्रकचं चाक टोकावर आलं की एक झडप दबते, दुसरी तशीच राहते, आणि मध्ये चार बोटांची पायरी तयार होते. चार बोटं ऐकायला काहीच वाटत नाही. भरधाव गाडीला विचारा.

कडी अलीकडच्याच्या हातात, म्हणून शेवटचा शब्द त्याचा. तो "लागली" म्हणाला की दोन्हीकडची फाटकं उघडायची.

ह्या पुलावर आणखी एक रीत होती, कुठल्यातरी जुन्या साहेबानं घालून दिलेली. प्रत्येक केबिनीत वही. पण आपण काय बोललो ते लिहायचं नाही. समोरचा काय बोलला ते लिहायचं, वेळेसकट. पाळी संपली की वही पलीकडे जायची, आणि ज्याचे शब्द आहेत त्यानं वाचून सही करायची. साहेबाचं म्हणणं, माणूस स्वतःच्या वहीत स्वतःबद्दल कधी धड लिहीत नाही. साहेब शहाणा असावा. पूर्वी हे दोघं आपापली वही घेऊन पुलाच्या मध्यावर यायचे, कठड्याला टेकून सह्या करायचे, दोन गप्पा मारायचे. आता वह्या फिटर नेतो. फिटर बडबड्या माणूस. "मी फिटर कमी आणि पोस्टमन जास्त," असं तो दोन्ही केबिनींत सांगतो, आणि दोन्ही केबिनींत त्यावर कुणी हसत नाही.

अलीकडचा ह्या कामावर आला तो दाजींचं बोट धरून. सव्विसाव्या वर्षी. त्याआधी त्यानं छापखान्यात धरसोड केली होती, वजनकाट्यावर पावत्या फाडल्या होत्या, आणि दोन्हीकडून घरी आला होता. ताई नवऱ्याच्या मागे लागली. "माझा भाऊ हुशार आहे हो, फक्त त्याला चिकटायला जागा मिळत नाही." दाजींनी जागा मिळवून दिली. शिकवलंही त्यांनीच. पहिल्या दिवशी त्यांनी त्याला पॅनेलकडे पाठ करून उभं केलं आणि म्हणाले, "दिव्याकडे बघू नकोस. दिवा म्हणजे चुगलखोर, ऐकलेलं सांगतो. तू स्वतः ऐक." कडी खाचेत गेली की ठक असा जाड आवाज व्हायचा, आणि कानापेक्षा तळपायाला आधी कळायचा. महिनाभरात अलीकडच्याला तो झोपेतही ओळखू आला असता.

सहा वर्षं चांगली गेली. मग तो दिवस आला.

अलीकडचा तेव्हा अजून हंगामी होता. कायम होण्याचा कागद वर गेला होता, महिन्याभरात यायचा होता. बायकोला आठवा महिना लागलेला. रजेवर गेलेल्याच्या जागी त्यानं पाठोपाठ दोन पाळ्या केल्या होत्या आणि डोळ्यांत खडे पडल्यासारखं वाटत होतं. कडीचा दिवा पंधरा दिवस नीट लागत नव्हता. तक्रार केली होती, तक्रार कुठेतरी पोचलीही असेल. सगळे आवाजावर काम चालवत होते. बार्ज गेली, झडपा उतरल्या, "बसली" झालं. त्यानं कडीचं हँडल ओढलं. फाटकाबाहेर गाड्यांनी कर्णे वाजवायला सुरुवात केली होती. ठक ऐकू आलं का? काहीतरी ऐकू आलं. तळपायाला काही कळलं नाही. फोनवर दाजी विचारत होते, "कडी?"

"लागली," तो म्हणाला.

दाजींनी फाटक उघडलं. पहिली गाडी बेकरीची व्हॅन होती. मधल्या पायरीवर तिचं पुढचं चाक आपटलं, आस मोडला, व्हॅन कठड्यावर गेली. ड्रायव्हरचा हात दोन ठिकाणी मोडला. नशीब, एवढ्यावर निभावलं. मागचं दार उघडून पावांचे ट्रे नदीत पडले, आणि संध्याकाळपर्यंत पाण्यावर पाव तरंगत होते.

चौकशीला आलेल्या साहेबानं पहिली मागितली ती वही. दाजींच्या वहीत त्या वेळेची ओळ कोरी होती. फाटकाचं हँडल आधी आणि पेन मग, अशी त्यांची सवय. पेन उचलायच्या आत धाडकन आवाज झाला आणि ते धावत सुटले. परत आल्यावर त्यांनी ती ओळ भरली नाही. कुणी बघत नव्हतं, भरता आली असती. पण मागाहून लिहिलेलं खरं नसतं, असं त्यांचं मत.

साहेबानं अलीकडच्याला विचारलं, "तुम्ही 'लागली' म्हणालात?"

कायम होण्याचा कागद डोळ्यांसमोर आला, बायकोचं पोट आलं. "नाही साहेब," तो म्हणाला. "मी 'थांबा' म्हणालो होतो."

दाजी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसले होते. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. पंगतीत शेजारच्यानं आपल्या ताटातलं उचलावं, तसं त्यांनी नुसतं चकित होऊन पाहिलं.

दाजी तीन महिने निलंबित झाले. मुख्य चालकाची जागा त्यांना मिळणार होती ती गेली. त्याच वर्षाच्या शेवटी ती अलीकडच्याला मिळाली. कुणाला तरी द्यायची होतीच.

चौकशीनंतर आठवड्यानं ताई घरी आली होती. बसली नाही. दारातच उभी राहून म्हणाली, "माझ्याकडे बघ. तू 'थांबा' म्हणाला होतास?"

"हो," तो म्हणाला.

तिनं मान हलवली आणि गेली. पुन्हा आली नाही. हिला कळलं, त्यानं मनाशी ओळखलं. नवरा खरं बोलला आणि भाऊ खोटं, हे तिला कळलं, आणि तिनं भावाचं नाव टाकलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. त्या चांदण्यात तो अकरा वर्षं चालत होता.

त्याच महिन्यात मुलगी झाली. ती आता अकरा वर्षांची आहे, आणि कुणी तिचं वय विचारलं की त्याला दोन गोष्टी आठवतात. "आत्या कशी दिसते?" तिनं एकदा विचारलं होतं. "माझ्यासारखीच," तो म्हणाला होता, "पण सरळ."

अशानं माणूस दमतो. कामानं दमलेला माणूस झोपून उठला की ताजा होतो. अलीकडचा झोपून उठला तरी दमलेलाच असायचा. चौदा वेळा पूल उघडायचा, चौदा वेळा मिटायचा, शिव्या खायच्या, गुडघे चोळायचे, आणि दर वेळी फोन कानाला लावून त्या आवाजाला "लागली" म्हणायचं. तोच शब्द त्याच माणसाला. दिवसातून चौदा वेळा.

अपघातानंतर दिवा नवा आला होता, त्याची तार नवी, कळ नवी. अकरा वर्षांत तो एकदाही चुकला नाही. आवाजाकडे आता कुणी कान देत नव्हतं. पाय बधिर झाले होते म्हणा.

आणि मग ह्या आठवड्यात, दुपारी अडीचच्या सुमाराला, वाळूची एक बार्ज खालून गेली. दोन्ही झडपा उतरल्या. शेवटच्या पाच अंशांत नेहमीसारख्या रांगत आल्या. "बसली," इकडून. "बसली," तिकडून. अलीकडच्यानं कडीचं हँडल ओढलं. हिरवा दिवा लागला.

ठक झालं नाही.

निदान त्याला तसं वाटलं. फाटकाबाहेर बस होती, शाळेची. मागे रांग. एकानं कर्णा दाबून धरला होता. कदाचित ठक झालं असेल आणि कर्ण्यात बुडालं असेल. त्रेचाळिसाव्या वर्षी कान काही विशीतले नसतात. दिवा हिरवा होता, आणि आता दिव्यावर काम करायचं असा लेखी हुकूम होता. काही झालं तरी त्याच्या अंगाला काही लागणार नव्हतं. दिवा साक्षीला होता.

फोनवर दाजी 'लागली' ऐकायला थांबले होते.

अलीकडच्यानं तोंड उघडलं आणि तो शब्द आलाच नाही. त्याला फक्त त्या शब्दाचा कंटाळा आला होता, इतका की तो पुन्हा एकदा उच्चारण्याची ताकद अंगात उरली नव्हती.

"माहीत नाही," तो म्हणाला.

अकरा वर्षांत पाचवा शब्द आला होता, तिकडे तो कुठे ठेवायचा ते कळत नसावं.

"दिवा?" दाजींनी विचारलं.

"दिवा हिरवा आहे. आवाज नाही आला. फाटक उघडू नका, दाजी."

कर्णे वाढले. आणि एकदा तोंड उघडलंच होतं, तर अलीकडच्यानं ते मिटलं नाही. "त्या दिवशीही आवाज आला नव्हता," तो म्हणाला. "मी तरी लागली म्हणालो. आणि साहेबाला सांगितलं, थांबा म्हणालो म्हणून. तुम्ही ऐकलं होतं तेच खरं होतं."

फोनमध्ये कागद उलटल्याचा आवाज आला.

"दोन वाजून छत्तीस मिनिटं," दाजी म्हणाले. "पुन्हा सांग. सावकाश. लिहितोय."

त्यानं पुन्हा सांगितलं. सावकाश.

फिटरला बोलावलं. तो पुलाच्या मध्यावर पालथा पडला, फटीत बॅटरी मारली, आणि उठला तो ओरडतच. कडी अर्ध्यात अडकली होती. दिवा लावणाऱ्या कळीचा आकडा वाकून, कडी पोचायच्या आधीच दाबला गेला होता, त्यामुळे दिवा बिनदिक्कत हिरवा. "अहो, शाळेची बस आहे ती!" तो बसकडे हात करून म्हणाला. "ह्या दिव्याला पहिला तुरुंगात टाका!" पाऊण तास लागला. मग कडी मागे घेऊन पुन्हा सोडली, आणि ठक झालं. अलीकडच्याच्या तळपायाला कळलं.

"लागली," तो म्हणाला.

"लागली," दाजींनी पलीकडून म्हटलं. तसं परत म्हणायची रीत नव्हती.

पाळी संपली तेव्हा फिटर हात पुढे करून उभा होता. अलीकडच्यानं वही काखेत मारली. "राहू दे," तो म्हणाला. "आज मीच जातो." फिटर पहिल्यांदाच गप्प झाला.

पुलावरून पलीकडे दोनशे ऐंशी पावलं होतात. रोज तो इकडच्या पायऱ्या उतरून इकडेच घरी जायचा. त्या केबिनीत तो अकरा वर्षांत चढला नव्हता. चढला तर सगळं त्याच्याच केबिनीसारखं, फक्त उलटं: हँडल डावीकडे, खिडकी उजवीकडे. खिळ्याला एक पिशवी टांगलेली. टेबलावर डबा, त्यात दोन जाड पोळ्या आणि लोणच्याची फोड उरलेली. पोळ्या एका बाजूनं करपल्या होत्या. ताई कधी करपू द्यायची नाही.

दाजी वयापेक्षा खूप म्हातारे झाले होते. फोनवर ते कळत नव्हतं.

त्यांनी वही पुढे सरकवली. त्याच्या बोलण्यातला एकही शब्द गाळला नव्हता, वाढवलाही नव्हता. तळाशी सहीची जागा.

"शनिवारी वही ऑफिसात जाते," दाजी म्हणाले. "सही केलीस तर खुर्ची जाईल. कदाचित नोकरीही. पान फाडायचं असेल तर आत्ता सांग. मी बघत नाही."

"फाडलं तर तुम्हाला चालेल?"

"मला काय चालतं न् काय नाही, ते विचारायला उशीर नाही झाला?" ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. चढवायचा कंटाळा त्यांनाही आला असावा.

त्यानं सही केली. पेन खाली ठेवताना तो म्हणाला, "ताईला निदान आता... म्हणजे तिला माहीतच आहे म्हणा. म्हणूनच तर तिनं मला टाकलं."

दाजी त्याच्याकडे बघत राहिले. "तुला टाकलं?"

"मग? येत नाही, बोलत नाही."

"अरे वेड्या," दाजी म्हणाले, "ती येत नाही ती लाजेनं. माझ्या लाजेनं. नवऱ्यानं स्वतःची चूक धाकट्या भावावर ढकलली, आता कोणत्या तोंडानं माहेरी जाऊ, असं तिचं. तुझ्याकडून येऊन तिनं मला सांगितलं, 'मी त्याच्या डोळ्यांत बघून विचारलंय. माझा भाऊ माझ्याशी खोटं बोलत नाही.' मी एकदा सांगून बघितलं. मग नाही सांगितलं. रोज एका घरात राहायचं असतं, रोज किती सांगणार?" त्यांनी डब्याचं झाकण लावलं. ते नीट बसेना, दोनदा दाबावं लागलं. "बोलते ती. भाजी आणा, बिल भरा, एवढं बोलते. डबा मीच भरतो."

अलीकडच्याला बसावंसं वाटलं, पण केबिनीत एकच खुर्ची होती आणि ती दाजींची होती. आपण एका माणसाची बढती खाल्ली, एवढाच हिशोब तो इतकी वर्षं मांडत होता. त्या माणसाचं घर खाल्लं, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगणार कोण? सांगणारा फोनवर चार शब्द बोलत होता.

"चला," तो म्हणाला.

"कुठे?"

"तुमच्या घरी."

दाजींचं घर दोन गल्ल्या सोडून होतं, वर जाणाऱ्या सात पायऱ्या. पायऱ्या चढताना दोघांचेही गुडघे कुरकुरले, हा त्यांच्यातला त्या दिवशीचा एकमेव विनोद. दाजींनी किल्ली काढली होती, पण अलीकडच्यानं दार वाजवलं.

ताईनं दार उघडलं. केस पांढरे झालेले, पदराला हात पुसत होती. दोघांना शेजारी शेजारी उभं बघून तिचा हात तसाच राहिला. मग तिनं भावाकडे पाहिलं आणि तिचे डोळे एकदम भरून आले, आणि तिनं त्याच्याकडे दोन्ही हात केले. तेच त्याला सहन झालं नाही.

"ताई, थांब," तो म्हणाला. "मी 'थांबा' म्हणालो नव्हतो. 'लागली' म्हणालो होतो. दाजी खरं बोलत होते. तुझ्याशीही मी खोटं बोललो, इथं बघून," आणि त्यानं तिच्या डोळ्यांकडे बोट केलं.

तिचे हात खाली आले. ती ओरडेल असं त्याला वाटलं, शिव्या देईल, दार लावेल. त्या सगळ्याला तो तयार होता. पण ती त्याच्याकडे बघतच नव्हती. ती नवऱ्याकडे बघत होती. अकरा वर्षांचं काय बोलणार, आणि सुरुवात कुठून करणार? शेवटी तिची नजर त्यांच्या हातातल्या पिशवीवर गेली.

"डबा द्या इकडे," ती म्हणाली.

दाजींनी पिशवी दिली. ती आत गेली. आतून नळ सोडल्याचा आवाज आला, आणि तो तसाच येत राहिला, एक डबा धुवायला लागतो त्याच्या कितीतरी पुढे. दाजी थोडा वेळ उंबऱ्यात उभे होते. मग चपला काढून तेही आत गेले.

अलीकडचा वरच्या पायरीवर बसला. त्याला कुणी आत ये म्हणालं नव्हतं, आणि त्याची तशी अपेक्षाही नव्हती. पाय फार दुखत होते. आतला नळ बंद होईपर्यंत तो तिथे बसून राहिला.